दोन लिप्यांतला एक चांदोबा

निपाणीला आमचे घर आणि शेजारचे घर यांच्यामध्ये भिंत एकच होती. भिंतीच्या अलीकडे मराठी, पलीकडे कन्नड. साखर-ताकाची देवघेव भिंतीवरून होत असे आणि भांडणेही तशीच. पण महिन्यातून एकदा दोन्ही घरांत एकच पाहुणा येई. आमच्याकडे आला की त्याचे नाव 'चांदोबा', त्यांच्याकडे गेला की 'चंदमामा'. मुखपृष्ठ तेच, झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकून स्मशानातून निघालेला विक्रमराजा तोच, त्याची तलवार तीच. फक्त चित्राभोवतीची अक्षरे वेगळी. आमची काना-मात्रेची, शिरोरेषेला लोंबकळणारी. त्यांची गोल गोल, चकलीच्या घाण्यासारखी.

साठ-बासष्ट सालची ही गोष्ट. मी तिसरी-चौथीत असेन. अंक आला की पहिला हक्क मुलांचा असे सगळे म्हणत. प्रत्यक्षात तो पहिल्यांदा वडिलांच्या हाती जाई. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. दिवसभर पोती, वजने आणि खतावणी यांत डोके घालून संध्याकाळी घरी आले की चष्मा पुसत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत, "मुलांच्या हातात काय पडतं ते आधी बघितलं पाहिजे." मग हे 'बघणे' शेवटच्या पानापर्यंत चाले. जेवणाची दोन बोलावणी झाली तरी वेताळाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय ते उठत नसत. मुलांसाठी म्हणून घेतलेल्या मासिकात आपण रमतो हे त्यांनी कधी कबूल केले नाही. आज त्यांच्या वयाच्या पुढे गेल्यावर मला वाटते, कबूल करायला हवे होते. आपल्या भागात मराठी टिकली ती कशाकशामुळे याचा हिशेब मांडायचा झाला, तर त्या खतावणीत चष्मा पुसून 'चांदोबा' वाचणाऱ्या मोठ्या माणसांच्या नावेही काही रक्कम जमा धरावी लागेल. या लेखाचा विषय तोच आहे.

*

भिंतीपलीकडच्या घरात गोकाककडची सून आली. तिला मराठीचा गंध नव्हता. ती आमच्या आईला 'अक्का' म्हणे आणि पुढचे सगळे हातवाऱ्यांनी सांगे. एके दिवशी तिने आपला 'चंदमामा' आणून आमच्या 'चांदोबा'शेजारी ठेवला. चित्र तेच, गोष्ट तीच. तिला आपली गोष्ट पाठ होती. आमच्या पानावर 'राजा' कुठे असेल हे तिने अंदाजाने बोट ठेवून ओळखले. दिवाळीपर्यंत ती अडखळत मराठी वाचू लागली. तिच्या शेजारी बसून मी उलट वाटेने गेलो आणि कन्नड लिपी शिकलो. शाळेत कन्नडचा तास सुरू झाला तेव्हा मास्तरांना वाटले, पोरगा हुशार आहे. हुशारी माझी नव्हती, वेताळाची होती!

दुपारी आमच्या सोप्यावर गल्लीतल्या बाया विड्या वळायला बसत. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली पाने, जर्दा आणि दोरा. पत्र्याच्या मापाने पान कापायचे, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. हजाराचा हिशेब पुरा करताना पाठ मोडून जाई. हात आणि डोळे कामात, पण कान मोकळे. मग हुकूम सुटे, "बाळ, ते पुस्तक वाच की." मी मराठीतून वाचायचो आणि एक परिच्छेद झाला की शेजारची सून आपल्या सासूला, म्हणजे आमच्या अव्वाला, तो कन्नडमधून सांगायची. अव्वाला लिहिता-वाचता येत नव्हते. पण वेताळाने कोडे घातले की पहिले उत्तर तिचे असे, आणि ते पुष्कळदा विक्रमराजापेक्षा शहाणपणाचे असे. "राजाला काय कळतंय? त्याला कुठं घर चालवायचंय?" हा तिचा नेहमीचा शेरा.

पुढे कुठेतरी वाचले की तंबाखूच्या धंद्यात अशी वाचनाची रीत फार लांब, क्यूबा बेटावरही होती. हवाना शहरातल्या चिरूट वळण्याच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगार एक वाचक नेमत. उंच जागी बसून तो दिवसभर वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाची, आणि त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. अलेक्झांडर ड्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'वर तिथल्या कामगारांचा इतका जीव होता की एका चिरुटाला 'मॉन्टे क्रिस्टो' हेच नाव मिळाले. आमच्या निपाणीत 'वेताळ छाप' विडी निघाली की नाही मला ठाऊक नाही, पण निघायला हरकत नव्हती. फरक एवढाच की तिथला वाचक पगारी होता आणि इथला वाचक दहा वर्षांचा, गूळ-शेंगदाण्यावर राबणारा. त्या सोप्यावर बालवाङ्मय ऐकणाऱ्यांत बालक कोणी नव्हतेच. सगळ्या लेकुरवाळ्या बाया, आणि एक आजी.

*

मुलांचे पुस्तक आणि मोठ्यांचा कान ही जोडी मराठीत मुळापासूनच दिसते. शिवाय पहिल्या पायरीवरच एक गंमत आहे. मराठीतले मुलांसाठी छापलेले पहिले पुस्तक पुण्यात निघाले नाही, मुंबईतही नाही. ते निघाले तमिळ मुलखात. तंजावरच्या सरफोजी राजांनी आपल्या दरबारी छापखाना घातला आणि तिथे सख्खन पंडितांनी केलेले इसापाच्या गोष्टींचे मराठी रूपांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने १८०६ मध्ये छापून निघाले. भोवती सगळी तमिळ प्रजा, राजाचे घराणे मराठी, आणि गोष्टी ग्रीस देशातल्या एका गुलामाच्या नावावरच्या! परभाषेच्या वेढ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या मुलांच्या हाती पुस्तक देण्याची निकड सर्वांआधी वाटली, यात सीमाभागातल्या वाचकाला नवल वाटू नये.

मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ च्या सुमारास निघाले. त्याचे मूळ बेर्कँ नावाच्या फ्रेंच लेखकाचे. ते फ्रान्सातून इंग्लंडात गेले आणि तिथल्या इंग्रजीतून मराठीत आले. पुढे विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले आणि १९१४ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्याचा भार वाहिला. वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद' १९०६ मध्ये आला. वर्गणी भरणारे वडील, अंक फोडणारे वडील, आणि घरातल्या ज्या बायकांना शाळेचे तोंड दिसले नव्हते त्यांना सोप्या भाषेतले, मोठ्या अक्षरातले हेच वाङ्मय झेपणारे. आमच्या आजीचे सगळे अक्षरज्ञान तिच्या भावाच्या जुन्या 'आनंद'वर झाले होते. ती गाथा वाचायला शिकली ती त्यानंतर.

या इतिहासातच आपल्या मुलखाचे एक पान आहे, आणि ते आपण सहसा उघडत नाही. इंग्रजी अमलाच्या आरंभी बेळगाव-धारवाडचा हा प्रदेश कागदोपत्री 'दक्षिण मराठा देश' म्हणवला जाई. सरकारी शाळा बहुतेक मराठी. ज्यांच्या घरात कन्नड बोलली जाई अशी मुलेही मराठीतून धुळाक्षरे गिरवत. ही ओढाताण ओळखून वॉल्टर इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आणि पुढे डेप्युटी चन्नबसप्पांनी कन्नड शाळांसाठी खटपट केली. म्हणजे घरात एक भाषा आणि पाटीवर दुसरी हे दुखणे त्या काळी भिंतीपलीकडच्या घराला होते. १९५६ नंतर ते अलीकडच्या घरात आले. दुखणे तेच, खोली बदलली. हे लक्षात ठेवले तर आपल्या तक्रारीचे वजन कमी होत नाही. उलट ती सांगताना आवाज न चढवता सांगता येते.

*

१९४६ च्या मे महिन्यात बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव-निपाणीचा हा पट्टा म्हैसूर राज्यात गेला. पुढचे सगळे वाचकांना पाठ आहे. महाजन आयोग १९६६ चा, त्याचा अहवाल १९६७ चा, कन्नड सक्तीविरुद्धचे आंदोलन १९८६ चे, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. त्यासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या आणि ज्यांनी प्राण दिले, त्यांच्याविषयी इथे नुसता आदर नोंदवून पुढे जातो. कारण या लेखाचा विषय त्याच वर्षांत घराच्या आत काय घडत होते, हा आहे.

घराच्या आत पुस्तकांची वाटणी झाली. आपल्या मराठी शाळांची क्रमिक पुस्तके कर्नाटक सरकारची. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, नोव्हेंबर १९७१ मध्ये मुलांसाठी 'किशोर' मासिक काढले. त्या मासिकाने तिकडच्या दोन पिढ्या वाचत्या केल्या. इकडे मात्र ते पाहुण्याच्या पिशवीतून येई. मी निपाणीच्या देवचंद महाविद्यालयात होतो. बाहेरगावच्या माणसाला सांगितले तर खरे वाटत नाही, पण गाव कर्नाटकात आणि गावाला लागून असलेले हे कॉलेज, अर्जुननगरचे, महाराष्ट्रात, कागल तालुक्यात! रोज सकाळी आम्ही चालत परराज्यात जात असू आणि दुपारी भूक लागली की स्वराज्यात परतत असू. त्या वाटेने माझ्या धाकट्या भावंडांसाठी 'किशोर' येऊ लागला. कॉलेजात ज्ञानेश्वरीवर टिपणे काढणारा मी घरी पोचेपर्यंत रस्त्यातच तो वाचून काढी. आमच्या बेळगावकडच्या भाषेत सांगायचे तर 'वाचून सोडलो'.

वाटणीच्या या काळात ज्याची वाटणी होऊ शकली नाही असे एक मासिक राहिले, ते 'चांदोबा'. याचे कारण त्याच्या घडणीत होते. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासला जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, हे मासिक तेलुगू आणि तमिळ या दोन भाषांत काढले. कन्नड आवृत्ती १९४९ मध्ये आली, मराठी १९५२ मध्ये. चित्रा आणि शंकर यांच्यासारखे चित्रकार जे चित्र काढत ते सगळ्या भाषांना एकच. मजकूर तेवढा ज्या त्या भाषेचा. कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी वर्षानुवर्षे संपादनाची धुरा वाहिली. ते तेलुगूचे लेखक. मूळ मजकूर तेलुगूत सिद्ध होई आणि तिथून बाकीच्या भाषांत जाई. म्हणजे आमच्या भिंतीच्या अलीकडची मराठी गोष्ट आणि पलीकडची कन्नड गोष्ट, दोन्ही भाषांतरेच. मूळ कोणाचे यावरून भांडण काढायची सोय नव्हती. दोघेही एकाच तिसऱ्या घरचे पाहुणे. सीमाभागात दोन भाषा समान पायरीवर बसलेल्या मी तरी दुसरीकडे फारशा पाहिल्या नाहीत.

तशीच कथा रशियन पुस्तकांची. सोव्हिएत देशात छापलेली, जाड कागदाची, रंगीत चित्रांची ती पुस्तके मराठीत लोकवाङ्मय गृहाकडून आणि कन्नडमध्ये नवकर्नाटककडून येत. किंमत इतकी कमी की मास्तरालाही परवडावी. 'देनिसच्या गोष्टी' मी मुलांसाठी म्हणून घेतल्या आणि घरात सर्वांत जास्त हसलो मीच. १९९१ नंतर तो देशच राहिला नाही आणि पुस्तकेही आटली. 'चांदोबा'लाही १९९८ मध्ये खंड पडला, वर्षभराने तो पुन्हा उभा राहिला, २००७ मध्ये मालकी बदलली आणि २०१३ च्या सुमारास सगळ्याच भाषांतले चांदोबा मावळले. विक्रमराजा बिचारा झाडाकडे परत निघाला तो निघालाच.

*

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'कडे मुलांचे पुस्तक म्हणून पाहायची आपल्याला सवय झाली आहे. पण ते पुन्हा उघडून पाहा. श्याम गोष्टी सांगतो तो रात्री, प्रार्थनेनंतर, आश्रमातल्या आपल्या मित्रांना. ऐकणारी बहुतेक जाणती माणसे आहेत. बेचाळीस रात्री ती माणसे एका कोकणातल्या आईच्या गोष्टी ऐकायला बसतात आणि त्यांच्यातले कोणी डोळे पुसतात. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी यातल्या बहुतेक गोष्टी अवघ्या चार-पाच दिवसांत लिहिल्या. आमच्या घरी हे पुस्तक वडील वाचत. एका ठिकाणी त्यांचा आवाज बसे आणि ते पाणी पिण्याच्या निमित्ताने आत जात. पुढचे पान आई वाची. आम्हा मुलांना रडू येई ते श्यामच्या आईमुळे की वडिलांच्या बसलेल्या आवाजामुळे, हे सांगणे अवघड आहे. मोठी माणसे पुस्तकाने हलतात, हे आम्ही त्या पुस्तकातून शिकलो नाही, वाचणाऱ्याकडे बघून शिकलो.

याच गुरुजींना त्याआधी, १९३० च्या सत्याग्रहानंतर, त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या भाषा बोलणारे सोबती भेटले. तिथे त्यांनी तमिळचा अभ्यास केला आणि पुढे तिरुवळ्ळुवरांचा 'कुरल' मराठीत आणला. भारतातल्या भाषांनी एकमेकींच्या घरी जावे-यावे ही 'आंतरभारती'ची कल्पना त्यांनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. त्यांच्या स्वप्नाची चांगली शाळा आमच्या सोप्यावर, विड्यांच्या सुपांशेजारी भरत होती. ना तिला मान्यता होती, ना अनुदान.

पण मनापासून सांगायचे तर आपण मराठी घरांनी त्या शाळेत अर्धाच धडा घेतला. कन्नडमध्ये मुलांसाठी काय आहे याची आपल्याला दाद नाही. पंजे मंगेशराव हे कन्नड बालगीतांचे एक आद्य पुरुष. त्यांच्या घरची भाषा कोकणी. कुवेंपूंनी ब्राउनिंगच्या पुंगीवाल्याला थेट एका कन्नड खेड्यात आणून 'किंदरीजोगी' केला, आणि मोठमोठे कन्नड प्राध्यापक आजही ती कविता म्हणताना ताल धरतात. शिवराम कारंतांनी १९३६ मध्ये 'बालप्रपंच' हा मुलांचा ज्ञानकोश एकहाती उभा केला. आणि ज्या द. रा. बेंद्र्यांच्या गीतांवर सारा कर्नाटक डोलतो, त्यांची मातृभाषा मराठी. हे सगळे आपल्या गल्लीच्या टोकाला उभे आहे. लिपी येत असूनही आपण तिकडे गेलो नाही. सक्तीने शिकवलेल्या भाषेतली गोड वस्तूही कडू लागते, हे खरे आहे. तरीही तोटा झाला तो आपल्या मुलांचा झाला.

*

आता आपल्या घरचा खजिना. या मातीतल्या लेखकांनी मुलांविषयी जे लिहिले ते मोठ्यांनी उचलून घेतले, ही आपल्या भागाची खासियत म्हणायला हरकत नाही.

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. बेळगावी हेल कायमचा कागदावर उतरवणारे त्यांचे रावसाहेब सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याच पुलंनी मुलांसाठी 'नवे गोकुळ' आणि 'वयं मोठं खोटम्' ही नाटके लिहिली. या दुसऱ्या नावातच आमच्या वडिलांच्या चष्म्याचे उत्तर आहे. इंदिरा संतांनी बेळगावात शिक्षक होऊ घातलेल्यांना शिकवले. त्यांची 'गवतफुला' शाळेत म्हटलेली माणसे आज आजोबा झाली आहेत आणि त्यांना इतर कविता आठवोत न आठवोत, ती आठवते.

जी. ए. कुलकर्णी १९२३ मध्ये चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याला जन्मले, बेळगावात शिकले आणि धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले. नियतीच्या काळोखात चालणाऱ्या माणसांच्या कथा लिहिणारा हा लेखक. त्यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९८६ मध्ये, 'बखर बिम्मची' दिली. बिम्म हा एवढासा मुलगा. तो, त्याची बहीण बब्बी आणि भोवतालचे प्राणी-पक्षी यांच्या या गोष्टी. 'काजळमाया'ची सवय असलेले वाचक आधी बुचकळ्यात पडले आणि मग प्रेमात पडले. पुढच्याच वर्षी जी. ए. गेले. माझ्या ओळखीच्या एका कडक शिक्षकांच्या उशाशी शेवटच्या आजारात गीता होती आणि तिच्याखाली 'बिम्म' होता. याच जी. एं.नी कॉनरॅड रिक्टरची एक छोटी कादंबरी 'रानातील प्रकाश' म्हणून मराठीत आणली. अमेरिकेत ती शाळकरी मुले वाचतात. गोऱ्या आईबापांचा मुलगा लहानपणी रेड इंडियनांच्या हाती लागतो, त्यांचाच होऊन वाढतो आणि तहाच्या कलमानुसार एक दिवस त्याला जबरीने जन्मदात्यांकडे परत पाठवतात. शेवटी त्याचे घर कोणते हा प्रश्न उरतो. धारवाडात बसून एका मराठी लेखकाने हे पुस्तक भाषांतराला घेतले, याचा अर्थ निपाणीच्या वाचकाला कोणी समजावून सांगायला नको.

आणि लंपन. इंदिराबाईंचे चिरंजीव प्रकाश नारायण संत भूशास्त्राचे प्राध्यापक, कऱ्हाडला शिकवणारे. या मुलाच्या काही कथा १९६० नंतरच्या दशकात 'सत्यकथे'त आल्या आणि मग लेखणी दीर्घकाळ गप्प राहिली. १९९४ मध्ये 'वनवास', १९९७ मध्ये 'शारदा संगीत', २००१ मध्ये 'पंखा'. २००३ मध्ये अपघाताने लेखक गेला आणि 'झुंबर' त्याच्या मागून आले. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे शिकायला राहिलेला मुलगा. त्याची मैत्रीण सुमी. कणबर्गी गंग्या आणि जंब्या कटकोळ हे दोस्त. ही नावेच गावाचा पत्ता सांगतात. या मुलाच्या तोंडी मराठी आणि कन्नड अशा एकत्र नांदतात की कुठली कुठे संपली ते कळू नये. पुण्या-मुंबईच्या वाचकांना त्यात नवी गोडी सापडली. आम्हाला मात्र ते वाचताना प्रथमच वाटले की आपण घरी जे बोलतो, ज्यासाठी शुद्धलेखनाच्या तासाला छड्या खाल्ल्या, तेही छापायच्या लायकीचे आहे. लंपनची पुस्तके मोठ्यांसाठीच लिहिलेली आहेत. पण माझ्या शाळेत मी ती सातवीच्या वर्गाला वाचून दाखवली आणि तासाची घंटा कोणी ऐकली नाही. मुलांसाठीचे पुस्तक मोठे वाचतात, मोठ्यांसाठीचे मुले ऐकतात. मधल्या भिंतीवरून साखर-ताक चालू राहते.

*

मोठ्या माणसांना याची लाज का वाटावी? निवृत्त झाल्यावर मी एका वाचनालयात भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' मागितला. कपाटाशी बसलेले गृहस्थ म्हणाले, "हे बालविभागातलं. तुमच्या वर्गणीवर मिळायचं नाही. नातवाला घेऊन या." नातवाला कसा घेऊन येणार? त्याला मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून तर मी आलो होतो! ही लाज केवळ आपलीच आहे असेही नाही. इंग्लंडात हॅरी पॉटरची पुस्तके मोठी माणसे चोरून वाचू लागली, तेव्हा १९९८ मध्ये प्रकाशकाने त्याच मजकुराला प्रौढांसाठी वेगळे, गंभीर मुखपृष्ठ चढवले, म्हणजे आगगाडीत वाचताना शेजाऱ्याने हसू नये. आमच्या वडिलांना त्यासाठी चष्मा पुरत असे.

आमचा तोटा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझी मुलगी धारवाडला दिली. जावई कन्नड, माणूस सोन्यासारखा. नात इंग्रजी शाळेत जाते, वडिलांशी कन्नड बोलते, आईशी मराठी. बोलते, पण वाचत नाही. बेळगावातल्या माझ्या नातवाचीही तीच गत, आणि त्याच्या तर दोन्ही बाजू मराठी. आम्ही भाषेसाठी मोर्च्यात चाललो, काळा दिन पाळला, कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा अशा गावोगावच्या संमेलनांना सतरंज्या उचलल्या. ते केले याचा अभिमान आहे. पण संध्याकाळी घरी आल्यावर मुलाला शेजारी घेऊन गोष्ट किती वेळा वाचली, हे स्वतःला विचारले तर मान खाली जाते. मुलांना आम्ही मराठी हे कर्तव्य म्हणून दिले. आमच्या वडिलांनी आम्हाला ती चोरून खायच्या खाऊसारखी दिली होती.

मागल्या मे महिन्यात नात सुटीला आली. २०२४ मध्ये 'लंपन'वर मालिका निघाली आणि गोव्याच्या चित्रपट महोत्सवात तिला बक्षीसही मिळाले. ती तिने फोनवर आधीच पाहिली होती. तिने विचारले, "आजोबा, हा मुलगा आपल्यासारखाच बोलतो, हे पुस्तकात पण आहे?" मी 'वनवास' काढून दिले. तिने पहिले पान पाहिले, तोंड बारीक केले आणि मिटून ठेवले. अक्षरे लागत नव्हती. मग मी माळ्यावरून बांधीव 'चांदोबा' उतरवला. भिंतीपलीकडच्या त्या सूनबाई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या घरी दोन-चार जुने 'चंदमामा' अजून आहेत. ते त्यांनी स्वतः आणून दिले आणि आपणही बसल्या. योगायोगाने एक महिना जुळला. शाळेत तिसरी भाषा म्हणून नातीला कन्नड आहे. तिने कन्नड पानावर बोट ठेवले, मग मराठी पानावर, आणि साठ वर्षांपूर्वी मी ज्या वाटेने गेलो होतो त्याच वाटेने उलटी यायला निघाली. "हा 'राजा'. हा 'वेताळ'. मग हे काय, 'खांदा'?" सूनबाई तिला मराठी उच्चार सांगत होत्या आणि मी चुकलो की माझे कन्नड उच्चार नात सुधारत होती.

सुटी संपेपर्यंत तिची एक गोष्ट वाचून झाली. एकच. 'वनवास' अजून लांब आहे. पण जाताना तिने तो बांधीव खंड पिशवीत घातला, आणि महत्त्वाचे म्हणजे जावयांनी तो रात्री उघडून चाळला. चष्मा पुसून.

वाचकहो, दिवाळीला आपण फराळाचे ताट शेजारी पाठवतो तेव्हा ते कोणत्या भाषेच्या घरी जाते हे पाहत नाही. या दिवाळीत ताटाबरोबर मुलांचे एखादे पुस्तक पाठवावे, आणि आपल्या घरात एक उघडावे. 'किशोर'चे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात, 'बिम्म' आणि 'लंपन' दुकानात मिळतात. नातवंडांसाठी म्हणून आणा, हवे तर. पण आधी आपण वाचा, आणि वाचताना हसू आले तर लपवू नका. मुले पुस्तकाकडे कमी, आपल्या तोंडाकडे जास्त बघत असतात.